समवयस्क विद्यार्थी नेतृत्व कार्यक्रम

समवयस्क विद्यार्थी नेतृत्व कार्यक्रम हा विद्यापीठे व महाविद्यालये यांतील विद्यार्थी-साहाय्याचा एक संघटित प्रकार आहे. यात वरच्या वर्षातील निवडक विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देऊन नव्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या लहान गटांची जबाबदारी सोपवली जाते. असे विद्यार्थी नवागतांना अभ्यास, परीक्षापद्धती, शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि शहरातील दैनंदिन व्यवहार यांविषयी मार्गदर्शन करतात. अडचण गंभीर असल्यास ती योग्य अधिकाऱ्यापर्यंत किंवा समुपदेशकापर्यंत पोहोचवणे हेही त्यांचे काम असते. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांनी प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेला असा मार्गदर्शक कक्ष स्थापन करणे बंधनकारक केले आहे.

या कार्यक्रमाच्या मुळाशी एक सामाजिक वस्तुस्थिती आहे. कोणत्याही शिक्षणसंस्थेत ज्येष्ठ विद्यार्थ्यांचा कनिष्ठांवर प्रभाव असतोच. संस्थेने तो मान्य केला काय किंवा न केला काय. या प्रभावाचे विकृत रूप म्हणजे रॅगिंग होय. त्याच प्रभावाला नाव, नोंद, मर्यादा आणि उत्तरदायित्व देण्याचा प्रयत्न म्हणजे समवयस्क नेतृत्व कार्यक्रम होय.

इतिहास

विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला शिकवण्याची प्रथा भारतात जुनी आहे. महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांमध्ये मोठी मुले धाकट्यांकडून धुळाक्षरे गिरवून घेत आणि पाढे म्हणवून घेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथील लष्करी अनाथालयाचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी अशाच देशी प्रथेवरून एक अध्यापनपद्धती बांधली आणि १७९७ मध्ये लंडनला तिची माहिती प्रसिद्ध केली. जोसेफ लँकेस्टर यांनी इंग्लंडमध्ये तिच्याशी मिळतीजुळती पद्धत रूढ केली. पुढे मुंबई इलाख्यातील सुरुवातीच्या सरकारी मराठी शाळांमध्ये लँकेस्टर यांची पद्धत वापरली गेली. मराठी शाळांत आजही रूढ असलेला ‘मॉनिटर’ हा शब्द याच परंपरेची खूण आहे. मात्र या पद्धतीचा मुख्य हेतू थोड्या शिक्षकांत पुष्कळ मुलांना शिकवणे हा होता. मुलांना आधार देणे हा नव्हता.

आधाराची परंपरा महाराष्ट्रात वसतिगृहांच्या चळवळीतून आली. राजर्षी शाहू महाराज यांनी १९०१ पासून कोल्हापुरात विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे स्थापन करण्यास चालना दिली. नाशिक येथे १९१४ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाचे कार्य सुरू झाले, तेव्हा त्याच्या केंद्रस्थानी उदोजी मराठा बोर्डिंग होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे आपापसांत वाटून घेत. गावाहून नव्याने आलेल्या मुलाला हाताशी धरून शहरात वावरायला शिकवणे हे अशा वसतिगृहांतील मोठ्या मुलांचे अलिखित कर्तव्य असे.

विद्यापीठीय पातळीवर या कल्पनेला आधुनिक रूप प्रामुख्याने अमेरिकेत मिळाले. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत १९७३ मध्ये डीआना मार्टिन यांनी पूरक अध्यापनाची पद्धत सुरू केली. तीत एखादा अवघड विषय चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी त्या विषयाच्या वर्गाला पुन्हा बसतो आणि वर्गानंतर इतरांची अभ्यासमंडळे चालवतो. या पद्धतीचे वैशिष्ट्य असे, की ती ‘कच्चे’ विद्यार्थी निवडत नाही, तर ‘अवघड’ विषय निवडते. त्यामुळे मदत घेणाऱ्यावर शिक्का बसत नाही. भारतात आयआयटी मुंबईसारख्या संस्थांमध्ये ज्येष्ठ विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षाच्या गटांना मार्गदर्शन करण्याची व्यवस्था रुजली आहे.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ नुसार रॅगिंग हा दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड यांस पात्र असा गुन्हा आहे. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढून टाकले जाते आणि पाच वर्षे अन्यत्र प्रवेश मिळत नाही. तक्रारीकडे दुर्लक्ष करणाऱ्या संस्थाप्रमुखालाही हा कायदा जबाबदार धरतो.

शिक्षेची तरतूद असूनही प्रकार थांबले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आर. के. राघवन समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा रॅगिंगमुळे मृत्यू झाला. त्याच वर्षी जून महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरातील संस्थांसाठी विनियम काढले. प्रतिज्ञापत्रे, रॅगिंगविरोधी समिती, भरारी पथके आणि शिक्षा यांच्या तरतुदींमुळे हे विनियम परिचित आहेत. त्यांतील मार्गदर्शक कक्षाची तरतूद त्या मानाने कमी परिचित आहे.

या तरतुदीनुसार प्रत्येक संस्थेने शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस, पुढील वर्षीच्या नवागतांसाठी स्वेच्छेने पुढे येणाऱ्या विद्यार्थ्यांचा कक्ष स्थापन करावयाचा असतो. प्रमाण सहा नवागतांमागे एक मार्गदर्शक आणि सहा मार्गदर्शकांमागे वरच्या पातळीवरील एक मार्गदर्शक असे आहे. संस्थेत जितक्या तुकड्या तितक्या पातळ्या असाव्यात, अशी अपेक्षा आहे. १५० प्रवेशक्षमतेच्या वैद्यकीय महाविद्यालयात या हिशेबाने २५ मार्गदर्शक, त्यांच्यावर सुमारे ५ आणि सर्वांत वर एक, असे एकतीस विद्यार्थी लागतात. पहिल्या वर्षाला १,२०० विद्यार्थी असलेल्या कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालयात हीच संख्या पहिल्या पातळीवर २००, दुसऱ्या पातळीवर ३४ आणि तिसऱ्या पातळीवर ६ होते. एवढ्या विद्यार्थ्यांची निवड व प्रशिक्षण हे एखाद्या प्राध्यापकाने इतर कामे सांभाळून करण्याजोगे काम नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

हेच विनियम नवागतांना शक्यतो स्वतंत्र वसतिगृहात ठेवावे आणि तेथे ज्येष्ठांच्या येण्याजाण्यावर लक्ष ठेवावे असेही सांगतात. एकीकडे ज्येष्ठांना दूर ठेवणे आणि दुसरीकडे त्यांनाच मार्गदर्शक नेमणे यांत वरवर विसंगती दिसते. प्रत्यक्षात या दोन तरतुदी परस्परपूरक आहेत. अनोळखी ज्येष्ठाने रात्री खोलीवर येणे आणि ज्याचे नाव नोंदवहीत आहे अशा ज्येष्ठाने ठरलेल्या वेळी, सर्वांच्या दृष्टीस पडेल अशा जागी भेटणे, यांतील फरक त्या अधोरेखित करतात.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंदर्भात दिलेल्या निर्देशांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा असे म्हटले. समवयस्क मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला ज्याच्याकडे पाठवायचे, ती व्यक्ती संस्थेत असणे या निर्देशामुळे अपेक्षित झाले आहे.

विद्यार्थी परिषदेशी फरक

समवयस्क नेतृत्व आणि विद्यार्थी प्रतिनिधित्व या दोन भिन्न गोष्टी आहेत. विद्यार्थी परिषद विद्यार्थ्यांची बाजू प्रशासनासमोर मांडते; समवयस्क मार्गदर्शक एकेका विद्यार्थ्याच्या अडचणीकडे पाहतो. महाराष्ट्रात विद्यार्थी निवडणुकांतील हिंसाचारामुळे थेट निवडणुका बंद झाल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेवर आधारित नियुक्तीची पद्धत आणली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. परिषदेचे पद गुणांवर मिळो वा मतांवर, मार्गदर्शकाच्या निवडीला यांपैकी कोणताही निकष पुरेसा नसतो. गुणानुक्रमे पहिला आलेला विद्यार्थी नापास होण्याची भीती समजू शकेलच असे नाही. आणि निवडणूक लढवणाऱ्याकडे नवागताने मन मोकळे केल्यास त्याचा राजकीय उपयोग होण्याचा धोका राहतो. म्हणून दोन्ही जबाबदाऱ्या एकाच व्यक्तीकडे नसाव्यात हे सामान्यतः इष्ट मानले जाते.

नाशिकमधील विद्यापीठे

नाशिक शहरात वेगवेगळ्या स्वरूपाची विद्यापीठे एकत्र आली आहेत. त्यामुळे समवयस्क नेतृत्वाचा प्रश्न येथे निरनिराळ्या रूपांत दिसतो.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ

या विद्यापीठाची स्थापना १९९८ मध्ये झाली. दिंडोरी रस्त्यावरील म्हसरूळ येथे त्याचे मुख्यालय आहे. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या आदी शाखांची राज्यभरातील महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. विद्यार्थी राज्यभर विखुरलेले असल्यामुळे कार्यक्रम विद्यापीठाच्या आवारात नव्हे, तर प्रत्येक महाविद्यालयात व वसतिगृहात चालवावा लागतो.

या शाखांमधील नवागताची पहिली अडचण बहुधा भाषेची असते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला शरीररचनाशास्त्राचे इंग्रजी ग्रंथ आणि लॅटिन संज्ञा एकाच वेळी समोर येतात. वैद्यकीय अभ्यासक्रमात २०१९ पासून आरंभी पायाभूत अभ्यासक्रमाचा समावेश झाला आहे. परंतु केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या लांबत असल्यामुळे काही विद्यार्थी वर्ग सुरू झाल्यानंतर दाखल होतात. उशिरा येणाऱ्यांची तोपर्यंत कोणाशी ओळख झालेली नसते आणि अभ्यासही मागे पडलेला असतो. त्यामुळे मार्गदर्शकांचे गट पहिल्या दिवशीच पूर्ण भरून न टाकता प्रत्येक गटात अशा विद्यार्थ्यांसाठी जागा राखणे आवश्यक ठरते.

पदव्युत्तर शिक्षणात प्रश्न अधिक बिकट असतो. निवासी डॉक्टरांमध्ये वरच्या वर्षाचा विद्यार्थी हा कनिष्ठाच्या कामाच्या पाळ्या ठरवणारा आणि कामाची वाटणी करणारा असतो. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, जळगाव जिल्ह्यातील आदिवासी समाजाच्या डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला. जातीवरून छळ झाल्याच्या आरोपावरून तीन ज्येष्ठ निवासी डॉक्टरांवर गुन्हा दाखल होऊन प्रकरण न्यायालयात गेले. त्याच वर्षी त्यांच्या आई आणि रोहित वेमुला यांच्या आई यांनी उच्च शिक्षणसंस्थांतील जातीय भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ज्याच्या हाती कामाची वाटणी आहे, तो त्याच विद्यार्थ्याचा मार्गदर्शक होऊ शकत नाही, हे तत्त्व अशा रचनेत कळीचे ठरते. मार्गदर्शक दुसऱ्या विभागातील असणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ

गंगापूर धरणाजवळ मुख्यालय असलेले हे विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू होत. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीदवाक्य आहे. येथील विद्यार्थी नोकरदार, शेतकरी, गृहिणी किंवा शाळा अर्धवट सोडलेले प्रौढ असू शकतात. ते स्वयंअध्ययन साहित्याच्या आधारे शिकतात आणि अभ्यासकेंद्रातील संपर्कसत्रांना येतात. तेथे शिकवणाऱ्या शिक्षकाला ‘समंत्रक’ म्हणतात.

येथे रॅगिंगचा प्रश्न नसतो. प्रश्न एकटेपणाचा असतो. सहाध्यायी कोण हेच अनेकांना ठाऊक नसते. पहिला स्वाध्याय वेळेवर न देणारा किंवा परीक्षा अर्ज भरायला विसरणारा विद्यार्थी कोणाच्या नकळत शिक्षणाबाहेर पडतो. अशा व्यवस्थेत मार्गदर्शकाचे वय नव्हे, तर अनुभव ज्येष्ठ असतो. पन्नाशीच्या विद्यार्थिनीला तिशीतील तरुण मार्गदर्शन करू शकतो, कारण त्याने तोच शिक्षणक्रम आदल्या वर्षी पूर्ण केलेला असतो. एकाच गावातील किंवा एकाच अभ्यासकेंद्राच्या विद्यार्थ्यांचे छोटे गट, ठरावीक दिवशी दूरध्वनी आणि संपर्कसत्रानंतरचा अर्धा तास, एवढी साधने त्यासाठी पुरेशी ठरतात.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची महाविद्यालये

नाशिक जिल्ह्यातील पारंपरिक महाविद्यालये १९४९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. विद्यापीठाचे उपकेंद्र नाशिकमध्ये आहे. गोखले एज्युकेशन सोसायटीचे हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय १९२४ पासून, तर मराठा विद्या प्रसारक समाजाचे के. टी. एच. एम. महाविद्यालय १९६९ पासून शहरात आहे.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या तालुक्यांतून कोकणा, महादेव कोळी, भिल्ल, वारली समाजांचे अनेक विद्यार्थी नाशिकला शिकायला येतात. काही जण आश्रमशाळांतून आलेले असतात. काहींच्या घरातील ते पहिलेच पदवीचे विद्यार्थी असतात. बागलाण आणि मालेगाव भागांतून येणाऱ्यांची घरची बोली अहिराणी असते. त्यांना पडणारे प्रश्न अभ्यासापुरते मर्यादित नसतात. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा, जात वैधता प्रमाणपत्रासाठी कोणती कागदपत्रे लागतात, शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजनेचा लाभ कसा घ्यावा, विषय राहिल्यास पुढच्या वर्षात प्रवेश मिळतो की नाही, अशा बाबी त्यांत येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार श्रेयांकपद्धती लागू झाल्यानंतर विषयांची निवड हाही मोठा प्रश्न झाला आहे. या प्रश्नांची उत्तरे कार्यालयाच्या सूचनाफलकावर असतात. पण मागच्याच वर्षी तोच अर्ज भरलेला विद्यार्थी ती समजेल अशा भाषेत देऊ शकतो.

या महाविद्यालयांमध्ये कार्यक्रमाला पूरक यंत्रणा आधीपासून आहेत. २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशात सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत सात दिवसांच्या निवासी शिबिरात विद्यार्थी गटांत राहून काम करतात. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने विद्यापीठाची कमवा व शिका योजना चालते. या दोहोंतून आलेले विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून उपयुक्त ठरतात, कारण इतरांसोबत राहून काम करण्याची सवय त्यांना झालेली असते.

कार्यक्रमाची उभारणी

निवड. अर्ज शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस मागवले जातात. गुणपत्रिकेइतकेच महत्त्व ऐकून घेण्याची क्षमता, नियमितपणा आणि स्वतः अडचणीतून गेल्याचा अनुभव यांना दिले जाते. मुली, वसतिगृहात राहणारे, दिव्यांग आणि विविध समाजांतील विद्यार्थी यांचा समावेश नसल्यास अनेक नवागतांना आपला माणूस सापडत नाही. रॅगिंगची किंवा छळाची तक्रार सिद्ध झालेल्या विद्यार्थ्याला यातून वगळले जाते.

प्रशिक्षण. प्रवेशप्रक्रियेपूर्वी काही दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते. त्यात संस्थेचे नियम, शिष्यवृत्ती व परीक्षा यांची माहिती, रॅगिंगविरोधी कायदा, लैंगिक छळविरोधी अंतर्गत समितीचे काम आणि संभाषणाचा सराव यांचा समावेश होतो. सराव प्रसंगांवर आधारित असतो. ‘जेवायला येत नाही’, ‘घरी परत जायचे म्हणतो’, ‘वर्गात बसतो पण कोणाशी बोलत नाही’ अशा विद्यार्थ्याशी पहिले वाक्य काय बोलावे, हे करून पाहिले जाते.

मर्यादा. मार्गदर्शक हा समुपदेशक, शिक्षक किंवा चौकशी अधिकारी नसतो. तो पैसे उसने देत नाही, प्रकल्प लिहून देत नाही आणि तक्रारीत परस्पर तडजोड घडवून आणत नाही. ऐकलेली गोष्ट तो गुप्त ठेवतो. मात्र जिवाला धोका, लैंगिक अत्याचार किंवा रॅगिंग यांची माहिती मिळाल्यास गुप्ततेचे आश्वासन देता येत नाही. पहिल्या वर्षातील काही विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतात आणि त्यांच्यावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण कायद्याने बंधनकारक आहे. ही बाब पहिल्याच भेटीत नवागताला सांगितली जाते. मानसिक संकटाच्या वेळी संस्थेच्या समुपदेशकाशी आणि १४४१६ या ‘टेली मानस’ सेवेशी तत्काळ जोडून देणे, आणि मदत येईपर्यंत त्या विद्यार्थ्याला एकटे न सोडणे, एवढेच त्याचे कर्तव्य असते.

देखरेख. मार्गदर्शकांची ठरावीक अंतराने बैठक घेणारा प्राध्यापक आणि त्यांच्यावरील ताण हलका करणारा समुपदेशक नेमला जातो. भेटींची नोंद त्रोटक ठेवली जाते. भेट झाली किंवा नाही, विषय कोणत्या प्रकारचा होता आणि पुढे कोणाकडे पाठवले, एवढेच त्यात असते. नवागताला कारण न देता मार्गदर्शक बदलून मागण्याचा हक्क असतो.

मूल्यमापन. किती भेटी झाल्या यापेक्षा पहिल्या सत्राअखेर किती विद्यार्थी वर्गात टिकले, शिष्यवृत्तीचे अर्ज मुदतीत भरले गेले का, आणि अडचण आल्यावर कोणाकडे जावे हे नवागताला सांगता येते का, हे प्रश्न अधिक उपयोगी मानले जातात. तक्रारींची संख्या पहिल्या वर्षी वाढल्यास तो नेहमीच अपयशाचा पुरावा नसतो. पूर्वी न बोलणारे बोलू लागल्याचेही ते लक्षण असू शकते.

टीका

समवयस्क नेतृत्वावर काही गंभीर आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप असा, की रिकामी शिक्षकपदे आणि समुपदेशकांची उणीव भरून काढण्यासाठी विद्यार्थ्यांचे विनामोबदला श्रम वापरले जातात. यावर मानधन, श्रेयांक किंवा कमवा व शिका योजनेशी जोडणी असे पर्याय सुचवले जातात. दुसरा आक्षेप कागदोपत्री अंमलबजावणीचा आहे. मूल्यांकन समितीला दाखवण्यासाठी यादी तयार होते. परंतु यादीतील मार्गदर्शक आणि नवागत यांची भेट होत नाही. तिसरा आक्षेप मूलभूत आहे. अधिकृत पद मिळाल्याने ज्येष्ठाचा दरारा वाढून रॅगिंगलाच मान्यतेचा मुखवटा मिळू शकतो. मार्गदर्शकाच्या हाती गुण, हजेरी, खोलीवाटप किंवा कामाच्या पाळ्या यांपैकी काहीही नसणे आणि त्याच्याविरुद्धची तक्रार त्याच्या वरच्या मार्गदर्शकाकडे न जाता थेट रॅगिंगविरोधी समितीकडे जाणे, या दोन अटी त्यामुळे अनिवार्य मानल्या जातात.

मार्गदर्शकाचे स्वतःचेही नुकसान होऊ शकते. एकोणीस-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने दुसऱ्याचे दुःख रोज ऐकणे हे ओझे असते. विशेषतः एखाद्या नवागताने शिक्षण सोडल्यास किंवा स्वतःला इजा केल्यास त्याचा दोष मार्गदर्शक स्वतःकडे घेतो. सहा जणांची मर्यादा, ठरलेली वेळ आणि पुढे सोपवण्याची सोय या गोष्टी नवागताइतक्याच मार्गदर्शकाच्याही संरक्षणासाठी असतात.